सपाट पाणलोटात स्वॅट: प्रवाह जुळतो, पण नायट्रेट का जुळत नाही?

काठावरचा

नमस्कार मंडळी. स्वॅट २०१२ मध्ये (पाणलोटातल्या पाण्याचं आणि पोषकद्रव्यांचं संगणकी मॉडेल) एका सखल नदीखोऱ्यातल्या नत्राचं मॉडेल उभं केलं आहे आणि नायट्रेटवर गाडी अडली आहे.

क्षेत्र ६४० चौ. किमी. बहुतेक भागाचा उतार १ टक्क्याच्या आत. ७० टक्के जमीन पिकांखाली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त शेतांत जमिनीखाली निचरा नळ्या टाकलेल्या आहेत. मॉडेल १३ वर्षांचं, त्यातली पहिली ३ वॉर्म-अपची (मॉडेल स्थिरावण्यापुरती). मासिक प्रवाहाचा एनएसई (जुळणीचा निर्देशांक, १ म्हणजे अचूक) ०.७८, पीबायस (एकूण किती टक्के जास्त-कमी येतं ते) ६ टक्क्यांच्या आत, म्हणजे पाण्याची बाजू ठीक दिसते.

नायट्रेटचे नमुने महिन्याला एक-दोन. ओल्या हंगामात नदीत ८-९ मि.ग्रॅ./लि. (नत्र म्हणून) असतं, मॉडेल ४ दाखवतं. कोरड्या हंगामात उलटं: नदीत २, मॉडेलमध्ये ६. एनपरको (जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्यातल्या नायट्रेटचा पॅरामीटर) ०.२ वरून ०.९ पर्यंत नेला तर किंचित फरक पडतो. सीडीएन (डीनायट्रिफिकेशनचा, म्हणजे नायट्रेट वायू होऊन जाण्याचा वेग) ० ते ३ फिरवला तर काहीच होत नाही, अक्षरशः तोच आकडा. सफी-२ ला (आपोआप कॅलिब्रेशन करणारी पद्धत) रेंज कितीही मोठी दिली तरी दोन्ही हंगाम एकदम सुधारत नाहीत.

पुढे नदीकाठी गवताचे पट्टे लावले तर नायट्रेट किती कमी होईल ते बघायचं आहे. त्याआधी हे कुठून सोडवायला घ्यावं? आणि इतक्या कमी नमुन्यांवरून वार्षिक भार काढावा का?

नत्रहिशेब

सीडीएन हलत नाही कारण त्याच्या दारावर एसडीएनसीओ बसलेला आहे. डीनायट्रिफिकेशन सुरू व्हायला थरातलं पाणी वाफसा पातळीच्या (निथळल्यावर माती धरून ठेवते तेवढ्या पाण्याच्या) किती पट हवं ते हा पॅरामीटर ठरवतो. तुम्ही काही दिलं नसेल तर मॉडेल १.१० धरतं. वाफशाच्या वरचं पाणी लगेच खालच्या थरात झिरपतं, त्यामुळे १.१० ची अट क्वचितच पुरी होते. दारच उघडत नाही, मग सीडीएन ० असो की ३, निकाल तोच.

एसडीएनसीओ ०.९५ ते ०.९९ च्या आसपास आणा. पण त्याच वेळी सीडीएन मूळ १.४ वर राहू देऊ नका, नाहीतर उलटा अनर्थ होतो. रोज थरातल्या नायट्रेटचा किती हिस्सा जातो त्याचं सूत्र असं: १ वजा ई चा घात (उणे सीडीएन × तापमान घटक × सेंद्रिय कर्बाचा टक्का). कर्ब १.५ टक्के आणि तापमान घटक १ धरा. सीडीएन १.४ असेल तर घात −२.१, म्हणजे एका दिवसात ८८ टक्के नायट्रेट गायब. सीडीएन ०.०५ असेल तर सुमारे ७ टक्के. पहिला आकडा म्हणजे नुसतं चालू-बंद बटण आहे, दुसऱ्यात कॅलिब्रेशनला जागा मिळते. ०.०१ ते ०.३ अशी रेंज देऊन बघा.

सखल खोऱ्यात आणखी एक खाच आहे. सीडीएन साधारणपणे सगळ्या खोऱ्याला एकच दिला जातो, पण सूत्रात कर्बाचा टक्का थेट येतो. नदीलगत पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) माती असेल आणि कर्ब २० टक्के असेल, तर सीडीएन ०.०५ वरसुद्धा ओल्या दिवशी ६३ टक्के नायट्रेट जातं. असे एचआरयू (एकसारखी माती, पीक आणि उतार असलेले मॉडेलचे तुकडे) वेगळे काढून त्यांचे आकडे नजरेखालून घाला. खोऱ्याची सरासरी व्यवस्थित दिसते आणि आत पीटचे एचआरयू नत्र गिळत असतात.

आता मुख्य गोष्ट. नदीतल्या आकड्यांशी जुळवण्याआधी आउटपुट डॉट एसटीडी (मॉडेलची सारांश फाइल) उघडा आणि नत्राचा वार्षिक ताळेबंद किलो/हे. मध्ये कागदावर मांडा. आवक: खत, शेणखत, द्विदल पिकांचं स्थिरीकरण, पावसातून येणारं नत्र. जावक: पिकासोबत शेताबाहेर गेलेलं, अमोनिया होऊन उडालेलं, डीनायट्रिफिकेशन, आणि पाण्याच्या प्रत्येक वाटेने गेलेलं वेगवेगळं. उरतो मातीतल्या सेंद्रिय साठ्यातला बदल. हा बदल वर्षाला उणे ४० किलो येत असेल, तर तुमचं मॉडेल ह्युमस जाळून नायट्रेट बनवतंय आणि खत कमी करण्याचा कोणताही प्रयोग त्यात फसवा ठरेल. सुरुवातीचं सेंद्रिय नत्र स्वॅट कर्बावरून १४:१ ने काढतं, त्यामुळे मृदा नकाशातला कर्बाचा आकडा चुकला की हा साठाही चुकतो. जलवाटांना ३ वर्षं वॉर्म-अप पुरतं, या साठ्याला बहुतेकदा पुरत नाही.

पिकाची बाजू पडताळायला उत्पादन बघा. हेक्टरी ५ टन धान्य आणि त्यात २ टक्के नत्र म्हणजे १०० किलो शेताबाहेर गेलं. मॉडेलमधलं पीक ३ टनच देत असेल तर ४० किलो नत्र उगाच मातीत उरतं आणि तुम्ही ते डीनायट्रिफिकेशनच्या माथी मारता. खताचा आकडाही बघा: व्यवस्थापन फाइलीतला आकडा मालाचा असतो, नत्राचा नव्हे. १०० किलो नत्र म्हणजे २१७ किलो युरिया.

हातावर करायचा एक हिशेब पाठ ठेवा: १०० मिमी निचऱ्यात १ मि.ग्रॅ./लि. नत्र म्हणजे १ किलो/हे. तुमचा वार्षिक प्रवाह २५० मिमी आणि सरासरी ८ असेल तर खोऱ्यातून २० किलो/हे. बाहेर जातंय. ताळेबंदात एवढं शिल्लक दिसलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं कॅलिब्रेशन वाया.

चरनिचरा

ओल्या हंगामाचा प्रश्न मला वाटेचा दिसतो. एनएसई ०.७८ नदीत किती पाणी आलं ते सांगतो, कुठून आलं ते सांगत नाही. अपधावाचं (जमिनीवरून वाहून आलेलं) पाणी आणि नळीतून आलेलं पाणी प्रवाहाच्या आलेखात सारखीच वाढ दाखवतात, नायट्रेट मात्र दोघांत वेगळं असतं. अपधाव मातीच्या वरच्या १० मिमी थरातूनच नायट्रेट उचलतो. नळीतलं पाणी सगळ्या मूळकक्षेतून झिरपून येतं.

एनपरकोचा परिणाम किंचित का, तेही यातून कळतं. झिरपणाऱ्या पाण्याच्या तुलनेत अपधावात नायट्रेट किती तीव्र असेल, एवढंच तो ठरवतो. नळीच्या वाटेला तो हात लावत नाही.

निचरा नळ्यांचे तीन आकडे (डीड्रेन म्हणजे नळीची खोली, टीड्रेन म्हणजे माती वाफशापर्यंत निथळायला लागणारा वेळ, जीड्रेन म्हणजे नळीचं पाणी ओढ्यात पोचायला होणारा उशीर) भरले म्हणजे नळ्या वाहतात असं नाही. जुन्या पद्धतीत नळी तेव्हाच वाहते जेव्हा अभेद्य थरावर साठलेलं पाणी नळीच्या वर येतं. अभेद्य थराची खोली डीईपी_आयएमपी, आणि ती डीफॉल्टला ६००० मिमी असते. ६ मीटरवरून पाणी वर चढून १ मीटरवरच्या नळीपर्यंत येतच नाही. सगळं खाली भूजलात जातं. तुमच्या कोरड्या हंगामातलं जास्तीचं नायट्रेट बहुधा हेच आहे: जे ओल्या हंगामात नळीतून नदीत यायला हवं होतं ते भूजलातून उशिरा येतंय. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असण्याची शक्यता मोठी आहे.

सुरुवातीला असं ठेवा: डीड्रेन ९०० ते १००० मिमी (प्रत्यक्ष नळ्यांची खोली माहीत असेल तर तीच), डीईपी_आयएमपी १२०० ते २५०० मिमी आणि कायम नळीच्या खाली, टीड्रेन २४ ते ४८ तास, जीड्रेन २४ ते ९६ तास. हे सगळ्या एचआरयूंना लावू नका. पीक असलेली, उतार २ टक्क्यांच्या आत असलेली आणि निचरा मंद असलेली माती, या तिन्ही अटी पुऱ्या करणाऱ्यांनाच लावा.

मग प्रवाह बिघडेल, आणि तो बिघडायलाच हवा. आधीचा सीएन२ (अपधाव किती होईल ते ठरवणारा आकडा) नळ्या कोरड्या असताना बसवलेला होता, म्हणून ओल्या हंगामातलं पाणी अपधावातून काढायला तो चढवला गेला असणार. आता तो खाली आणा आणि आउटपुट डॉट एसटीडीमध्ये टाइल क्यू (नळ्यांतून आलेलं पाणी) एकूण प्रवाहाच्या किती टक्के आहे ते बघा. शून्याच्या आसपास असेल तर नळ्या अजून कोरड्याच आहेत. प्रवाहाचं कॅलिब्रेशन पुन्हा करताना एनएसईसोबत हा टक्काही अट म्हणून ठेवा.

एक गोष्ट जाता जाता: सपाट भागात नदीजाळं कुठल्या डीईएमवरून (उंचीच्या डिजिटल नकाशावरून) काढलंय? एसआरटीएममध्ये (अवकाशातून रडारने मोजलेल्या नकाशात) उंची पूर्ण मीटरमध्ये असते. १ टक्क्याच्या आतल्या उतारावर त्यातून पायऱ्या तयार होतात आणि खड्डे भरल्यावर शेजारी शेजारी सरळ रेषेत धावणारे खोटे ओढे निघतात. लिडार (लेसरने मोजलेली उंची) मिळत असेल तर तेच घ्या. काही झालं तरी सर्वेक्षणातले ओढे आणि कालवे डीईएममध्ये कोरून घ्या. नळ्यांचं पाणी एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात नेणारे चरही असतात. पाणलोटाची सीमा नकाशावर डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खोलपाणी

वरच्या दोघांशी सहमत. पण नळ्या सुरू केल्यावर कोरड्या हंगामातला आकडा ६ वरून खाली येईल, थेट २ वर येईलच असं नाही. मग हात एचलाइफ_एनजीडब्ल्यूकडे जातो, म्हणजे उथळ भूजलातल्या नायट्रेटचा अर्धायुकाल. तो फिरवला की आकडा हमखास जुळतो. म्हणूनच तो शेवटी आणि पुराव्यानिशी फिरवायचा.

त्याची ताकद किती ते बघा. भूजलात पाणी सरासरी ६०० दिवस मुरतं आणि अर्धायुकाल ३०० दिवस आहे असं धरा. पूर्ण मिसळलेल्या साठ्यातून बाहेर पडणारा हिस्सा १ ÷ (१ + ०.००२३१ × ६००), म्हणजे ०.४२. झिरपताना ८ असलेलं नायट्रेट नदीत ३.४ होऊन येतं. एका पॅरामीटरने निम्म्याहून जास्त नत्र नाहीसं केलं, आणि ते खरंच नाहीसं होतंय का याबद्दल मॉडेल काहीच बोलत नाही.

पुरावा विहिरींत मिळतो. नदीकडे येताना नायट्रेट घटतं पण क्लोराइड तसंच राहतं, विरघळलेला प्राणवायू १ मि.ग्रॅ./लि. च्या खाली जातो, विरघळलेलं लोह दिसायला लागतं, पायराइट असलेल्या थरांत सल्फेट वाढतं: ही खऱ्या डीनायट्रिफिकेशनची खूण. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी असतील तर नत्राचा ऱ्हास झालेला नाही; ते पाणी जुनं आहे किंवा कमी खताच्या जमिनीवरून आलेलं आहे.

हा फरक पुढच्या सगळ्या प्रयोगांवर परिणाम करतो. जुन्या पाण्याला तुम्ही अर्धायुकालाचं लेबल लावलं तर मॉडेलमधलं भूजल झटपट प्रतिसाद देतं: खत कमी केलं की दोन-तीन वर्षांत नदी सुधारते. प्रत्यक्षात पाण्याचं सरासरी वय १५ वर्षं असेल आणि वयाची विभागणी घातांकी असेल, तर ५ वर्षांनी बदलाचा फक्त २८ टक्के भाग नदीत दिसतो. आणि जुनं पाणी अजून स्वच्छ असेल तर कोरड्या हंगामातलं नायट्रेट पुढची अनेक वर्षं वाढतच राहील, शेतकऱ्यांनी खत कमी केलं तरी. जीडब्ल्यू_डिले (पाझर भूजलात पोचायला होणारा उशीर) ताणून इतका लांबचा उशीर दाखवता येत नाही, तसं केलं तर प्रवाहाचा आलेख मोडतो. स्वॅटला मॉडफ्लो (भूजलप्रवाहाचं मॉडेल) आणि आरटी३डी (भूजलातल्या रसायनांचं मॉडेल) जोडा. ते झेपत नसेल तर स्वॅटमधून पाझरासोबत जाणारं नायट्रेट काढा आणि वयाच्या विभागणीचं कन्व्होल्यूशन (दर वर्षीचं नायट्रेट त्या वयांप्रमाणे पुढच्या वर्षांत वाटून केलेली बेरीज) बाहेर स्प्रेडशीटमध्ये करा. हा साधा मार्ग लोक कमी लेखतात, पण तो प्रामाणिक आहे.

तिसरी जागा म्हणजे नदीचं पात्र. स्वॅट २०१२ मधलं पात्रातलं रसायन क्यूएएल२ई या नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेच्या मॉडेलवर आधारलेलं आहे आणि त्यात नायट्रेटचं डीनायट्रिफिकेशन नाही. शैवाल नायट्रेट उचलतं, नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट होणं) होतं, पण तळाच्या गाळात नायट्रेट वायू होऊन जात नाही. मंद, पाणवनस्पतींनी भरलेल्या सखल नदीत कोरड्या हंगामात ही जावक लहान नसते. अंदाज असा काढा: प्रवाह ०.५ घनमीटर/सेकंद, २० किमी लांब आणि ६ मीटर रुंद पात्र, म्हणजे १,२०,००० चौ. मी. तळावर दिवसाला ४३,२०० घनमीटर पाणी, अर्थात जलभार ०.३६ मी./दिवस. शोषणवेग (तळ ज्या वेगाने नायट्रेट ओढून घेतो तो) ०.१ मी./दिवस धरला तर १ − ई^(−०.१/०.३६), म्हणजे सुमारे २४ टक्के नायट्रेट पात्रातच संपतं. त्याच पात्रात १० घनमीटर/सेकंद वाहत असेल तर जेमतेम १.४ टक्के. कोरड्या हंगामात आकडा खाली, ओल्या हंगामात जवळपास परिणाम नाही: तुमच्या तक्रारीचा आकार असाच आहे. हा तुकडा मॉडेलबाहेर जोडा, पण भूजलाच्या अर्धायुकालात कोंबू नका.

काठावरचा

खूप आभार. डीईपी_आयएमपी निवडक एचआरयूंना १६०० केला, एसडीएनसीओ ०.९७, सीडीएन ०.०७. आता नळ्यांचा वाटा एकूण प्रवाहाच्या ३४ टक्के, डीनायट्रिफिकेशन २३ किलो/हे. ओल्या हंगामात मॉडेल ७.५ च्या आसपास आलं, कोरड्यात ३.४. सीएन२ खाली आणून प्रवाह पुन्हा बसवला, एनएसई ०.७५.

दोन गोष्टी राहिल्या. पेरणीच्या वेळी मॉडेलमध्ये नायट्रेटचा एक उंच सुळका येतो, नमुन्यांत तो नाही. आणि भाराचा प्रश्न.

मोजपट्टी

सुळका बहुधा सगळ्या एचआरयूंना एकाच तारखेला खत दिल्याने येतो. एका पिकाच्या तारखा दोन-तीन आठवड्यांत पसरवा: एचआरयूंचे गट करून प्रत्येकाला वेगळी तारीख द्या. खताचा हप्ता विभागून दिला जात असेल तर मॉडेलमध्येही विभागा. तरी सुळका राहिला तर तो नमुन्यांतून निसटलेला असू शकतो. महिन्याला एक नमुना घेणाऱ्याला चार दिवसांची लाट सापडेलच असं नाही.

भाराआधी एकक तपासा. प्रयोगशाळेचा अहवाल नायट्रेट म्हणून आहे की नायट्रेट-नत्र म्हणून? गुणक ४.४३. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची ५० मि.ग्रॅ./लि. ची पातळी नायट्रेट म्हणून आहे, नत्र म्हणून ती ११.३ होते. स्वॅटच्या नदी-आउटपुटमधला एनओ३_आउट किलो नत्रात असतो. रोजच्या आउटपुटला किलो ÷ (घनमीटर/सेकंद × ८६.४) केलं की मि.ग्रॅ./लि. मिळतं. एकूण नत्र हवं असेल तर केल्डाल नत्रात नायट्रेट आणि नायट्राइट मिळवावं लागतं. केल्डालमध्ये सेंद्रिय आणि अमोनियाच मोजले जातात. जुन्या तक्त्यांत 'एकूण' या रकान्याखाली कधी नुसतं केल्डाल असतं, कधी खरं एकूण.

तुलना करताना मॉडेलची मासिक सरासरी आणि एका दिवसाचा नमुना शेजारी ठेवू नका. नमुन्याच्या तारखेचाच रोजचा आकडा काढा. कॅलिब्रेशन शक्यतो याच जोड्यांवर करा, कारण भार हा स्वतःच एक अंदाज आहे आणि त्यात प्रवाह मोजमाप आणि मॉडेल अशा दोन्ही बाजूंना येतो. प्रवाह जुळला की भार आपोआप चांगला दिसतो, नायट्रेट चुकलं तरी.

तरीही वार्षिक भार लागणारच, तर आधी तीव्रता आणि प्रवाह यांचा आलेख लॉग अक्षांवर काढा, हंगामांना वेगळे रंग द्या. उतार शून्याजवळ असेल, म्हणजे प्रवाह बदलला तरी तीव्रता फारशी बदलत नसेल, तर प्रवाह-भारित सरासरी × वार्षिक प्रवाह हा अंदाज चांगला चालतो. नळ्यांच्या खोऱ्यांत पुष्कळदा असंच असतं, पुराच्या शिखरावर थोडं पातळ होऊन उतरतीला पुन्हा चढतं. उतार ठळक असेल तर पुरातले नमुने नसताना काढलेला भार विश्वासाचा नाही. अशा वेळी पैसा असेल तर अतिनील नायट्रेट सेन्सर एक ओला हंगाम लावा, नसेल तर निवडक पुरांत चढती, शिखर आणि उतरती असे तीन नमुने घ्या. नमुने ०.४५ मायक्रॉनमधून गाळून ४ अंशांवर अंधारात ठेवा आणि ४८ तासांत तपासा. न गाळलेल्या उबदार बाटलीत नायट्रेट बदलतं.

निकषांबद्दल: मोरियासी आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या निबंधात मासिक पातळीवर एनएसई ०.५ च्या वर आणि नत्रासाठी पीबायस ±७० टक्के समाधानकारक मानला आहे. ±७० फारच सैल आहे. त्या मर्यादेत बसलो म्हणून मॉडेल धोरणासाठी वापरायला काढू नये. हंगामवार पीबायस वेगळा द्या, तुमच्या प्रश्नात तर दोन्ही हंगामांच्या चुका एकमेकींना झाकत होत्या.

चरनिचरा

गवताच्या पट्ट्यांबद्दल, कारण मूळ प्रश्नात ते होतं आणि अजून कोणी बोललं नाही.

फिल्टरडब्ल्यूने (पट्ट्याच्या रुंदीच्या पॅरामीटरने) लावलेला पट्टा अपधावातून आलेल्या नत्रावर काम करतो. त्याचं सूत्र ०.३६७ × रुंदीचा ०.२९६७ वा घात, म्हणजे १० मीटरच्या पट्ट्याला जवळपास ७३ टक्के अडवणूक. आकडा मोठा दिसतो. पण नळीचं पाणी पट्ट्याच्या खालून थेट ओढ्यात पडतं. तुमच्या ताळेबंदात अपधावाने जाणारं नायट्रेट एकूणाच्या ६ टक्के असेल, तर पट्ट्यांचा जास्तीत जास्त फायदा ४ टक्क्यांच्या आसपास. हे मॉडेल न चालवताच कळतं. डीईपी_आयएमपी ६००० ठेवून तुम्ही हाच प्रयोग केला असता तर फायदा कितीतरी जास्त दिसला असता आणि तो खोटा असता.

पट्टे निरुपयोगी नाहीत, गाळ आणि गाळाला चिकटलेला स्फुरद ते अडवतात. नायट्रेटसाठी मात्र नळीच्या तोंडाशी काहीतरी करावं लागतं: तोंडावर पातळी नियंत्रक बसवून शेतात काम नसताना पाणी वर धरणं, नळीचं पाणी काठाच्या मातीत आडवं पसरवणं, लाकडी भुशाचा खड्डा, किंवा नळ्यांच्या संगमावर पाणथळ. नियंत्रित निचरा स्वॅटमध्ये डीड्रेन ठरावीक काळापुरता कमी करून दाखवता येतो. तेव्हा नायट्रेट नळीतून कमी जातं, पण काही भाग अपधावात आणि काही खाली भूजलात सरकतो. त्यामुळे फक्त नळीचा आकडा देऊ नका, तिन्ही वाटांची बेरीज द्या.

पाणथळीला खोलपाणींचंच सूत्र लावा, नदीच्या तळाऐवजी पाणथळीचं क्षेत्रफळ घालून. हिशेब रोजच्या नळी-प्रवाहावर करा, वार्षिक सरासरीवर नको: बहुतेक नायट्रेट ओल्या हंगामातल्या मोजक्या आठवड्यांत येतं, तेव्हा जलभार जास्त आणि पाणी थंड असेल तर शोषणवेगही कमी. सरासरीवर काढलेली पाणथळ कागदावर पुरेशी ठरते आणि बांधल्यावर लहान पडते.